चौकटीतल्या खुणा

पहाटे साडेतीनला ऑफेलिया बुस्तामांते
स्वयंपाकघरात दिवा लावते,
गाडीची यादी पुढ्यात ओढते.
जुलैत युमामध्ये विचार करायला
हीच एक वेळ उरते.
सूर्य वर आला की डोक्यातलंही तेल पातळ होतं.

एकतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस हाकली,
ताशी पंचावन्न मैलांवर जखडलेली.
मागे चाळीस पोरं,
पुढे एक पंखा, तोही मान मोडलेला.
आता तिला दोनच माणसं मावतील अशी गाडी हवीय.
दुसरं माणूस कोण,
ते कुणी विचारायचं नाही.

शोरूममधला कोल्टन, कोवळा, अत्तरात बुडालेला,
म्हणाला, "मॅडम, सहाशे सत्तर घोडे!"
कागदी घोडे नाचवायला काय जातं?
अठ्ठेचाळीस अंशांत हवा अशी विरविरीत होते
की इंजिन तोंड उघडतं
आणि घास अर्धाच येतो.
"त्यातले दुपारी दोनला किती उभे राहतात,
तेवढं सांग, बाळा."
कोल्टननं पुस्तिका उलटली, पालटली.
पुस्तिका कुठल्यातरी थंड गावात छापलेली,
चित्रातल्या रस्त्यावर धुकं.

भाचा एफ्राइन मात्र हात पुसत म्हणाला होता,
"तिया, आधी गार होणं विकत घे.
पळणं त्याच्यामागून येतं."

म्हणून पहिली खूण जादा रेडिएटरला.
मग गिअरच्या तेलाला वेगळा कूलर,
मागच्या डिफरन्शियललाही एक,
कारण मोहॉकच्या चढावर
तिनं ट्रक उकळताना पाहिलेत,
बॉनेट उघडून
गुडघ्यांवर बसलेली माणसं पाहिलीत.
काचेचं छत नको.
तारे मी उभी राहून बघेन,
टाळूवर तवा ठेवून कशाला?
काळं चामडं तर नकोच नको,
ते बसणाऱ्याची मांडी ठेवून घेतं.
खालचा तो कार्बनचा ओठ, दिसायला देखणा,
कालव्यावरच्या पहिल्याच उंचवट्याला
खर्रर्र करून दात पाडून घेईल.

टायरपाशी ती अडली.
मऊ रबर रस्त्याला घट्ट धरतं, हे खरं,
पण इथला रस्ताही त्याला धरतो,
आणि मग सहज सोडत नाही.
पेन्सिल चौकटीवर ठेवली, उचलली,
पुन्हा ठेवली.
बाहेर शेजाऱ्याचा कूलर पाणी पीत घरघरला.
टायरची चौकट रिकामीच राहिली.

आणि मग, सगळा हिशेब बरोबर जमत आलेला असताना,
तिनं मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टवर खूण केली.
उन्हाशी त्याचा काही संबंध नव्हता.
त्यानं काही गार होत नाही,
दीड हजार डॉलर मात्र उडतात.
पण एकतीस वर्षं तिच्या गाडीनं
मागे जाताना फक्त टुक् टुक् टुक् केलं होतं.

गाडी ऑगस्टात आली. पांढरी.
पहाटे डेटलँडपर्यंत नेली, खजुराचा शेक प्याली,
परत येईतो आठ वाजले, आणि ऊन मोठं झालं.
काटा मध्यावर होता, हललाच नाही.
अंगणात तिनं इंजिन बंद केलं
तरी पंखे फिरतच राहिले,
एक मिनिट, दोन मिनिटं, तीन.
ती आतच बसून राहिली.
बसची किल्ली परत दिली त्या संध्याकाळी
तिचे हातही असेच
रिकाम्या हवेत वळणं घेत राहिले होते.

दुपारी एफ्राइन बघायला आला,
दार उघडलं आणि बोटं झटकत मागे सरला.
"यादीत एक गोष्ट राहिली की, तिया."
"राहिली नाही," ती म्हणाली,
आणि समोरच्या कप्प्यातून काढले
ओव्हनचे दोन जाड हातमोजे,
लाल मिरच्यांच्या छापाचे,
एका अंगठ्याला जुना डाग पडलेला.
ते चढवून तिनं स्टिअरिंग धरलं.
"बस," ती म्हणाली. "पट्टा लाव. बक्कल नको धरू, कापडाला धर."