शेऱ्याचा रकाना

पेपरात आकडा आला, चारशे बारा.
वर जाड अक्षरात: बोगस निराधारांचा सुळसुळाट.
कटिंगच्या दुकानात कोणीतरी मोठ्यानं वाचलं,
वस्तरा माह्या गालापाशी थांबला.
अबे बाप्पा, इतके चोट्टे!
तोंडाले फेस होता, म्हणून मी चूप.

नाईतर सांगतलं असतं,
त्या चारशे बारातले अकरा म्या मोजले.
बोरखेडीचा कोतवाल आहो.
तलाठी साहेबानं फारम सोमवारी देले,
मंगळवारी पायजेत म्हणे.
फारमावर दोनच डबे, पात्र अन् अपात्र,
आणि उजव्या अंगाले एक रकाना: शेरा.
बारीक होता, बोटभर.
कोणी भरत नाई तो. म्या भरला.

गिरजा नेवारे, लेकीच्या बाळंतपणाले वणीले गेली, येईन.
रामकोर चव्हाण, दाखल्यावर रामकुवर लिवलं, बाई एकच.
बिस्मिल्लाबी, अंगठा उठत नाई, मशीन तीनदा लाल.
सूर्यभान कोवे मेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
त्याच्या खात्यात तीन महिने पैसे पडले
ते तसेच पडून हायेत, कोणी शिवलं नाई.
पोरगा दोनदा येऊन बसला माह्या वट्यावर,
बापाचं नाव काटा म्हणे.

एक मात्र खरी चोट्टी होती. लपवत नाई.
चाळीस एकर वलीत, दारात टॅक्टर,
अन् बाई विधवेचे पैसे उचलते.
शेऱ्यात लिवलं:
नवरा आत्ताच मले चहा पाजून गेला.

तालुक्याले कम्प्युटरवर एक पोरगी हाय.
म्हणाली, काका, शेऱ्याले इथं जागाच नाई.
तिनं डबे पाह्यले, अकरा वेळा बटन दाबलं.
तिले काय बोलाव? गठ्ठे छातीइतके होते,
अन् लाईन जायाची येळ.

इथून आकडा निघाला तवा 'अपात्र' होता.
जिल्ह्यालेबी अपात्रच पोचला.
मंग पुढं कोठीतरी, बसस्टँडवर म्हणा, धाब्यावर म्हणा,
त्याचं नाव बदललं.
पेपरातून परत आला थो बोगस होऊन,
संगं पाऊण कोटीचा चुना घेऊन.
सूर्यभानचे न उचललेले पैसेबी त्यातच.
तपासले एकोणीस हजार, हे कोठीच नव्हतं.
म्या चष्मा लावून शोधलं,
मागच्या पानावर, तुरीच्या भावाखालीबी.

आता किराण्यावर बायाईले लोक हासून विचारतात,
काहो, तुमी खऱ्या का बोगस?
रामकोर म्हणते, कागदाले विचार.

काल बिस्मिल्लाबी दिसली, ढोबळ्याच्या वावरात, येचनीले.
उजव्या अंगठ्याले चिंधी बांधलेली,
चिंधीतून खोबऱ्याचं तेल झिरपत होतं.
म्हटलं, लागलं का वो चाची?
नाई रे, म्हणे. बोंडं घासतात अंगठा.
शनिवारी मशीन येनार हाय परत,
तवालोक चार बोटांनंच येचते.

सांजीले तिचं गठुडं नऊ किलो भरलं.
बाकीच्यायचं पंचवीस, तीस.
काटेवाल्यानं वहीत नऊ लिवले,
अन् म्हणे, म्हातारी आज
कामचुकारपणा करून राह्यली वाटते.