उतार

वर आयसीयू, खाली आम्ही:
चार खाटा, तिघांमागे एक नर्स.
चौथीवर हिवाळाभर मोडके वॉकर,
सलाईनचे दांडे, कुणाचा तरी एकच बर्फातला बूट.
बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं,
वापरा असंही नाही.

वर व्हर्नर हाक्काला,
एकाहत्तर, लोहखनिजाच्या बोटींवर उभा जन्म गेलेला.
मेंदूत रक्तस्राव, आज नववा दिवस.
नळी निघाली, डोळे उघडले,
तरी तिथेच.
वॉर्डात धाडायचा कुणाला धीर नव्हता,
वर ठेवायला कारण नव्हतं.

मंगळवारी रात्री हिबिंगहून फोन:
एकोणीस वर्षांची पोरगी, स्नोमोबाइल, झाड.
वर खाट नाही.

मी आणि सफाईवाला डेल, आम्ही वॉकर बाहेर काढले.
दहा मिनिटं लागली.
फक्त दहा.

लिफ्टमध्ये लॉरेन पलंगाचा कठडा सोडेना.
"खाली का नेताय? हात टेकलेत का त्याच्यापुढे?"
काय सांगू. ताप उतरतो, पूर उतरतो,
गाव आलं की माणूस गाडीतून उतरतो.
वर जाणं म्हणजे काय, ते तर ठाऊकच आहे.
म्हटलं, डुलुथमध्ये जन्म काढलात,
जानेवारीत सरोवराकडे कशा उतरता?
"टाचा रोवून," ती म्हणाली. "कुणाचा तरी हात धरून."
मग झालं तर.

दर तासाला टॉर्च, बुबुळं.
हात दाबा. आता हा.
कुठे आहात? "बोटीवर."
साल? "शहात्तर."
खिडकीबाहेर काय आहे?
बराच वेळ काही नाही. मग,
"पाणी. कडेनं धरायला लागलंय."
तीनातलं एक बरोबर.
मी तेवढ्यावर खूश.

चार वाजता डावी पकड किंचित सैल.
किती? ओला हातमोजा हातातून निसटावा इतकी.
माझ्यामागे आठजण असते तर
ती मला सकाळी कळली असती.
फोन, डॉक्टर, स्कॅन, रक्तदाब चढवला.
साडेसहाला त्यानं माझी बोटं अशी आवळली
की मी ओरडले, आणि लॉरेन हसली.

पोरीचं अजून काही कळलेलं नाही.

सकाळी फॉर्मवर रकाना: खाट चार, वापर.
लिहिलं: भरली.
वॉकर अजून कॉरिडॉरमध्येच आहेत.
कुणीतरी तक्रार केली आहे.