बेंचमार्क

समाईलच्या अलीकडे, डोंगर जिथे हात आखडता घेतात,
तिथे आमची साइट. चौदा गोदामं, एक शोरूम,
दोनशे दहा गाड्यांचं पार्किंग,
आणि वर्षाकाठी नव्वद मिलिमीटर पाऊस. तोही आला तर.

"हे गटारांचं काय काढलंत, मॅडम?"
हमूद साहेबांचं बोट नकाशावर.
"इथे अंगावरची धूळ धुवायला पाणी नाही."
बोट नेमकं गाळाच्या टाकीवर.
तिथे त्यांना आणखी अठरा गाड्या दिसतात.

आपल्याकडे संशय आला की म्हणतात, पाणी कुठंतरी मुरतंय.
माझा संशय उलटा. इथे ते कुठेच मुरत नाही.
वरचा थर भाजून खापर झालाय,
पहार मारली की झिणझिण्या दंडापर्यंत.
डोंगरावर पडलेला थेंब न थेंब
आमच्या गेटवर हजर होणार,
पास न दाखवता.

दौलत खरात स्टाफ धरून उभा. जतचा.
त्याच्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात
पाझर तलावावर पाट्या वाहिल्या, तो पोटात होता तेव्हा.
यंत्रातून मी बघायच्या आधीच म्हणतो,
"हितं ताल पायजे. आडवी. उताराला पाठ लावून."
मी त्याची ताल नकाशात ओढते,
खाली लिहिते 'डायव्हर्जन बर्म', वाचून दाखवते.
"बारसं झालं म्हणायचं," तो म्हणतो.

नऊच्या सुमाराला शेळ्या आल्या,
मागे काठी घेऊन सुलैम बिन खल्फान.
त्याला नकाशा दिला. त्यानं तो उलटा धरला,
मग खाली ठेवला,
उडू नये म्हणून वर एक दगड,
आणि मला सिद्रच्या झाडापाशी नेलं.
आपली बोरच ती, फक्त थोराड.

फांदीच्या बेचक्यात वाळलेला काडीकचरा,
खजुराच्या झावळीचे तुकडे,
आणि एक प्लास्टिकची चप्पल. लहान मुलाची. डावी.
माझ्या खांद्याच्या उंचीला.

"सैल," तो म्हणाला.
त्याच्या भाषेत पूर.
माझ्या भाषेत, जे घट्ट राहिलं नाही ते.
मी दोन्ही अर्थ वहीत लिहिले
आणि चप्पल कुणाची ते विचारलं नाही.

दौलतनं स्टाफ बुंध्याला लावला,
मी चपलेच्या तळव्याचं वाचन घेतलं, दोनदा.
शोरूमची फरशी, इटालियन, अजून जहाजात असलेली,
या चपलेच्या चाळीस सेंटिमीटर खाली.

त्या रात्री सगळं पुन्हा काढलं.
फरशी वर. कल्व्हर्ट एकाचे तीन.
वाडीच्या काठाला जाळीच्या पिंजऱ्यात दगड,
मोकळ्या मातीभोवती कापडी कुंपण,
खालची कड वीतभर पुरलेली,
कारण पाणी नेहमी खालून आधी विचारतं.
हमूद साहेबांना फोटो पाठवला, फक्त चपलेचा.
अठरा गाड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.
नऊ गाड्यांचा निघाला.

नकाशाच्या कोपऱ्यात मी लिहिलं होतं:
बेंचमार्क, सिद्र वृक्ष, फांदीतील चप्पल.
मस्कतहून शेरा आला, शब्द तांत्रिक ठेवावेत.
आता तिथे 'झाड' आहे.

फेब्रुवारीत आला. चाळीस मिनिटं.
दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी तालीला धडकलं,
थबकलं, आणि वळलं.
कापडी कुंपण दोन ठिकाणी फाटलं,
तिथे दौलत गुडघाभर चिखलात
जतच्या शिव्या अरबी पाण्याला देत होता.
टाकी भरली, सांडली नाही.
मला उगीच कुणालातरी फोन करावासा वाटला.

सकाळी तो झाडापाशी जाऊन आला.
"चप्पल कोरडी हाय, मॅडम. कचरापण."

म्हणजे हा तो नव्हता.

आम्ही फावडी आणवली
आणि टाकीतला गाळ उपसायला घेतला.