पिवळा ट्रे

बुधवारी सेकंड शिफ्ट सुटली की
नऱ्ह्याच्या शेडमध्ये आम्ही पॅकिंगचं टेबल पुसून घेतो.
गुरुवारी लाइट नसते, सुट्टी असते,
म्हणून बुधवारची रात्र जरा लांब.
सहाचा नट दहा रुपये,
दहाचा पन्नास,
सोळाचा शंभर.
पत्त्यांना कूलंटचा वास.
किलवरच्या सत्तीच्या पाठीवर तेलाचा अंगठा उमटलाय,
ती पालथीसुद्धा ओळखू येते.
सगळ्यांनाच येते, म्हणून चालतं.

माझ्या हातात बदामची राणी, चौकटची नव्वी.
खाली उघडी: इस्पिकची राणी, अठ्ठी बदामची, छक्की इस्पिकची,
आणि आत्ता पडलेली तिर्री. तीही इस्पिकच.
म्हणजे राण्यांची जोडी आहे माझ्याकडे,
सोबतीला नव्वी,
लग्नात दोन्हीकडच्यांना वाटतं समोरच्यांची पाहुणी, तशी.

तांबोळीने सोळाचे दोन नट पुढे केले.
टाकले नाहीत. सरकवले.

दिवसभर माझं काम सोपं असतं.
शाफ्टला गेज लावायचा,
गो बाजू सरकली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे.
हिरवा ट्रे, लाल ट्रे.
आणि जो अडतो, थांबतो, मग हलकेच जातो
त्याच्यासाठी पिवळा,
सकाळी साहेब बघतील.

इथे पिवळा ट्रे नाही.
माझ्यानंतर सोपान काळभोर बोलायचाय,
तो चहाच्या ग्लासात बघत बसलाय.

हिशेब येतो मला.
मध्ये सहाशे चाळीस, मला लावायचे दोनशे.
असं चारदा झालं आणि एकदा मी बरोबर निघाले
तरी घरून काही जात नाही.
पण ते चारदा कुठे ठेवलंय?
आज एकच बुधवार आहे
आणि समोर एकच तांबोळी.

तांबोळी लेथवर बारीक कट घेतो.
दोनदा डायल बघतो, मग चाक फिरवतो.
इतक्या वर्षांत एकच जॉब बिघडवला,
तोही स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला.
असा माणूस दोनशे लावतो
तेव्हा त्याच्याकडे इस्पिक असतं.

पण सोमवारी त्याने ॲडव्हान्स मागितला,
शमाच्या डिप्लोमाच्या फीसाठी.
शेठ म्हणाले, बघू.
ओढाताणीतला माणूस हूल देतो,
की ओढाताणीतला माणूस हूल देऊच शकत नाही?
दोन्ही बाजूंनी गेज लावून पाहिला.
दोन्ही बाजूंनी सरकतो.

"मॅडम, कात्रजची शेवटची गाडी गेली,"
सॅमसन म्हणाला. म्हणजे आटपा.

मी पानं पालथी घातली.
सोपान म्हणाला, "पॅक."
गणपतीत तीन पत्ती खेळून जीभ तशीच वळते त्याची.

तांबोळीने नट ओढून घेतले,
सहाचे सहात, दहाचे दहात लावले.
"काय होतं, मॅडम?"
"काही नव्हतं."

राणी होती.

रिजेक्शनच्या पावतीवर शेवटी एक रकाना असतो: कारण.
कोरा सोडला तर पावती परत येते.
मी डाव सोडला तो त्या तीन इस्पिकांना बघून
की सोमवारच्या त्या "बघू"ला?
इस्पिकांना असेल तर ठीक, चुकलेही असेन.
दुसरं असेल, आणि ते त्याला कळलं,
तर पुढच्या बुधवारी तो घरी जाईल,
डोकं दुखतंय म्हणून.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग पुन्हा एकदा पाहिलं,
डायलकडे बघतो तसं.
आणि त्याची दोन पानं, पालथीच, गड्डीत गेली.

पिसली. वाटायला लागला.
माझ्यापुढे पहिलं पान आलं
तेलाच्या अंगठ्यासकट.
सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही बोललं नाही.
दुसरं अजून यायचं होतं.