चहाच्या कपातली तार

गॉलवेच्या कारखान्यात नुअला अकरा वर्षं
केसाएवढ्या तारांना आकार शिकवते.
निकेल आणि टायटॅनियम, जवळजवळ निम्मेनिम्मे.
पोलादी दांड्यावर जाळी ताणून बसवायची,
पाचशे अंशांच्या भट्टीत काही मिनिटं,
मग थेट पाण्यात. चुर्र.
त्या एका चुर्रमध्ये जे ठरतं ते ठरतं.

आज रात्री मात्र ती बापाच्या स्वयंपाकघरात आहे.
कॉलमनची उजवी पोटरी
धक्क्यापर्यंत जाताना तीनदा अडवते त्याला.
चाळीस वर्षं समुद्रातून जाळी ओढली,
आता मांडीतली धमनी बुजलीय.
उद्या सकाळी आठला ऑपरेशन.

"काय घालणारेत माझ्यात?"
तिने खिशातून तार काढली,
चाचणीतून उरलेली, वीतभर, सरळ.
"वाकव."

त्याने वाकवली. बोटाभोवती गुंडाळली,
दाढेखाली धरून बघितली, गाठ मारायला गेला.
जाळी विणलेल्या बोटांना राहवतं थोडंच!
तार मुकाट, शिशासारखी मऊ.
मोडेन पण वाकणार नाही, असला ताठा
तिच्या रक्तातच नाही.
"आता चहात टाक."

कप हलला.
तार उसळली, आणि सरळ.
मधलं काही घडलंच नव्हतं जणू.

म्हातारा गप्प.
मग पुन्हा वाकवली, पुन्हा टाकली,
सात वेळा.
आठव्यांदा ती अर्धीच उठली,
चहा निवला होता.
त्याने किटली परत चढवली.

"कुणी वाकवलं, ते राहतं हिच्या लक्षात?"
"नाही. फक्त एक आकार."
"एवढंच?"
"एवढंच."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
इथे जळतानाच पीळ पडतो.

उद्या बर्फगार पाण्यात चेपून
काडीएवढ्या नळीत कोंबलेली जाळी
जांघेतून आत जाईल,
नळी मागे सरेल,
आणि सदतीस अंशांत, त्याच्या नुसत्या जिवंत असण्याच्या उबेत,
ती पाठ लावून उभी राहील
धमनीच्या भिंतीला.

"तुझ्या हातची असेल?"
महिन्याला हजारो बाहेर पडतात.
खोक्यावरच्या नंबरावरून कळूही शकतं;
नुअला तो विचारणार नाही.
"असेल," ती म्हणाली.

त्याने तार पुसून चष्म्याच्या डबीत ठेवली.
चहाला लोखंडाचा वास लागलाय म्हणाला,
आणि प्यायला.