चाचणी क्रमांक एकेचाळीस

भोसरी, दुपारपाळी. काचेआडून
खैरमोडेबाई म्हणतात, "सोड."
चांदीचे दोन ठिपके विलग होतात
आणि वीज ऐकत नाही,
हवेचीच तार करून उभी राहते.

कॅमेऱ्यात मग सावकाश दिसतं:
ठिणगी नव्हे, कमान. पोट पुढे काढून
पत्र्यांच्या फणीकडे सरकते,
उंबऱ्याशी अडते, मागे वळते,
जुन्या जागी पुन्हा पेटते.
असं होतं. नोंद करा.

दुसऱ्या खेपेला शिरते आत.
अकरा पत्रे, बारा तुकडे, बारा चुली.
एवढा खर्च परवडत नाही.
दमते.
शून्य येतं.
सगळं मिळून आठ मिलिसेकंद.

बाई डबी उघडतात.
काजळी. जळक्या प्लास्टिकचा वास.
एका पत्र्याच्या कडेला चांदीचा थेंब,
नखाने निघत नाही.