याकूब हमदुलेंची वही

बाणकोटात याकूबचाचांच्या गॅरेजला भिंतीवर घड्याळ नव्हतं.
होतं ते खिशात, निकेलचं, साखळीला वंगण लागलेलं.
किती वाजले विचारलं की म्हणायचे,
"हे वाजले किती ते सांगत नाही.
लागला किती, तेवढंच सांगतं."

बोटीवर कोळसा ओढत गेलेला माणूस,
सत्तेचाळीस साली मार्सेलच्या धक्क्यावर उतरला
आणि बोट त्याच्यावाचून सुटली.
टायफॉइड झाला होता, असं ते सांगत.
वेसवीचे लोक वेगळंच सांगत.

तिथे गास्तों वेर्नेल भेटला.
गिरणीवाल्याचा मुलगा, नखांत पीठ.
लढाईची चार वर्षं त्याने आपली निळी गाडी
गवताच्या उडवीत पुरून ठेवली होती
आणि रात्री हात खुपसून बघायचा,
गाभण गाय चाचपावी तशी.
"इंजिन बोललं की त्याला कळायचं," चाचा म्हणत,
"आणि ते खोटं बोललं की मला.
पगाराचं काय, मिळाला तर मिळाला."

वहीत सगळं आहे. जाड पुठ्ठा, खारट वास,
आकडे मराठी, गावांची नावं उर्दूत.
अठ्ठेचाळीस: अकरांत दहावा. अकरावा पेटला.
एकोणपन्नास: गिअर तुटला. गिअर तुटला.
बायकोशी भांडण. गिअर तुटला.
पन्नास, पावसात: पहिला.
त्यापुढे शेरा: याला पाऊस म्हणतात हे लोक.

मग मोठ्या कंपनीने त्याला घेतलं.
मापाने शिवलेले हातमोजे, हॉटेलात पांढऱ्या चादरी,
आणि कंपनीचा एक लाडका, ज्याच्यापुढे जायचं नाही.
त्रेपन्नच्या जुलैत, चाळीस फेऱ्या झाल्या तेव्हा
गास्तों त्या लाडक्याच्या पुढे होता. बावीस सेकंद.
मॅनेजरने चाचांच्या हातात फळी दिली,
रस्त्याकडेला उभं राहून दाखवायची,
पिवळ्या रंगात एकच शब्द, त्यांच्या भाषेत:
हळू.

"तुम्ही दाखवलीत?" मी विचारलं. चौदा वर्षांचा होतो.
चाचा कार्बोरेटर पेट्रोलात बुडवत राहिले.
"कंपनीचं त्याने ऐकलं नसतं.
फळी माझ्या हातात होती म्हणून पाय उचलला.
वाटलं असेल, ह्याला काहीतरी ऐकू आलंय."

एक्केचाळिसाव्या फेरीचा रकाना कोरा आहे.
अख्ख्या वहीत तेवढाच.

पुढे पाच वर्षं तो धावला.
तिसरा, पाचवा, खांबाला, चौथा.
डावा डोळा गेला तेव्हा ट्रॅक्टर विकायला लागला
आणि याकूबचाचा बाणकोटला परतले
एक घड्याळ, एक वही
आणि ट्रंकेत न मावणारी फळी घेऊन.
का आणली, हे विचारायला मी जन्मलो नव्हतो.

दर जानेवारीला पाकीट यायचं.
पोस्टमन गोविलकर तिकीट मागून घ्यायचे.
आत दोनच ओळी: गुडघा, थंडी, ट्रॅक्टरचा भाव.
त्या जुलैबद्दल गास्तोंने कधी लिहिलं नाही,
चाचांनी कधी विचारलं नाही.
एका जानेवारीत पाकीट आलं नाही.
फेब्रुवारीत चाचा दोनदा पोस्टात जाऊन आले,
सुकट आणायला जातो सांगून.

फळीला त्यांनी खालून चार बेअरिंगं ठोकली होती.
तीस वर्षं तिच्यावर उताणे होऊन
जीपखाली, टेम्पोखाली सरकायचे,
पाठ त्या शब्दावर.

आता गॅरेज माझ्याकडे आहे.
होड्यांची इंजिनं जास्त, गाड्या कमी.
फळीचा रंग घासून गेला, एक अक्षर उरलंय,
तेही ग्रीसखाली.
काल फेरीबोटीतून बागमांडल्याचा एक पोरगा आला,
मोटारसायकल नवी कोरी, म्हणाला, आवाज येतोय.
मी आडवा झालो. कान लावला.
काहीच नव्हतं.
तरी म्हटलं,
जरा हळू चालव.